खड्डा बुजवायच्या आधी जोड बघा

एप्रिलमध्ये आंब्यासाठी खड्डा घेताना गड्याची पहार थेट केबलवर बसली. फाटकाजवळच्या मीटरपासून घरापर्यंत जमिनीतून गेलेली 4 कोअरची आर्मर्ड केबल, म्हणजे आत तीन फेज आणि एक परतीची न्यूट्रल, आणि त्यांच्याभोवती लोखंडी तारांचं कवच, आर्मर. घरातले काही दिवे मिणमिणायला लागले, काही भगभगायला. मेन पाडायचं सुचलं हेच नशीब.

हार्डवेअरवाल्याच्या ओळखीने वायरमन आला. बोलायला गोड. "काका, न्यूट्रल तुटलीय, एक फेज सोलपटलाय. केबल बदलायची तर अख्खं अंगण उकरावं लागेल. किट मारतो, परत बघायला नको." हीट श्रिंक किटचा, म्हणजे तापवल्यावर जोडावर घट्ट आवळणाऱ्या नळ्यांचा, खोका दाखवला. 9,500 रुपये ठरले. मग म्हणाला, "तेवढा चहा सांगा ना." मी चहा घेऊन बाहेर येईस्तोवर खड्डा बुजलेला! त्या किटच्या नळ्या आवळायला बर्नर नाहीतर हीट गन लागते. त्याच्या पिशवीत पक्कड, टेस्टर आणि टेप, एवढंच होतं. पण दिवे लागले होते, त्यामुळे मी खूश. पैसे मोबाइलवरून पाठवले, बिल मागितलं नाही.

जुलैत झड लागली आणि मोटरच्या बॉडीला हात लावला की मुंग्या यायला लागल्या. मोटर बंद ठेवली, बाकीचं तसंच चालू. एका संध्याकाळी फ्रिज आणि टीव्ही एकदमच गेले.

या वेळी लायसन्सवाला बोलावला. त्याने केबलची दोन्ही टोकं सोडवून 500 व्होल्टचा मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचा मीटर, लावला. फेज आणि आर्मरमध्ये काटा शून्यावर, म्हणजे मधलं इन्सुलेशन गेलेलं. उकरलं तर सुतळीने आवळलेली दुधाची पिशवी, आत काळी टेप, टेपच्या आत पाणी. न्यूट्रल जोडलेलीच नव्हती! दोन्ही टोकांना ती काढून आर्मरवर टाकली होती. पहारीच्या जागी आर्मरच्या जेमतेम पाच-सात तारा शाबूत होत्या, घराचा परतीचा करंट त्यांच्यावर. त्या गंजून तुटल्या आणि न्यूट्रल गेली. मग 230 व्होल्टच्या लाइनवर तीनशेच्या वरही व्होल्ट चढतात. आर्मर अर्थिंगला जोडलेली, म्हणून मोटरच्या बॉडीत करंट.

पहिल्याला फोन केला. "काका, ते टेम्पररी होतं, तेव्हाच बोललो होतो."

नव्हता बोलला. टेम्पररीला माझी ना नाही. अडल्या वेळी वरून दुसरी केबल टाकून लोक चार दिवस काढतातच. पण मग तसं सांगायचं आणि पैसेही तेवढेच घ्यायचे.

दुसऱ्याने मला खड्ड्याशी बसवून काम केलं. प्रत्येक कोअरला फरुल, म्हणजे दोन टोकं जोडणारी धातूची नळी, दाबला, आर्मरची दोन टोकं जोडायला जंपर वायर दिली, नळ्या तापवल्या. माती ढकलायच्या आधी पुन्हा मेगर लावला आणि रीडिंग बिलावर लिहिलं. किटचा रिकामा खोका तिथेच पडला होता. तो बघून आठवलं, पहिल्याने त्याचा खोका जाताना पिशवीत घालून परत नेला होता. सील न फोडलेला.