गिगाबिटचा बोर्ड १०० वर अडकतो तेव्हा: आठ-नऊ महिन्यांच्या वापरानंतर

साताऱ्यात माझा लग्नाच्या व्हिडिओ एडिटिंगचा छोटा स्टुडिओ आहे. लग्नसराईत रोज कार्डं भरून येतात आणि ती रात्रीतच कुठेतरी सुरक्षित उतरवावी लागतात. तयार नॅस, म्हणजे नेटवर्कवरची साठवणपेटी, घ्यायचं म्हटलं तर रिकाम्या डबीचेच पैसे परवडत नव्हते. म्हणून एक छोटा लिनक्स बोर्ड घेतला, त्याला यूएसबी ३ वर एसएसडी लावली, सांबा (नेटवर्कवर फोल्डर वाटून देणारं सॉफ्टवेअर) बसवलं आणि बॅकअपचं काम त्याच्यावर सोपवलं. बोर्डाचं आणि विकणाऱ्याचं नाव मुद्दाम देत नाही, कारण असेच चार कोअर, असाच गिगाबिट (१००० एमबीपीएसचा) पोर्ट आणि असंच जुनं सॉफ्टवेअर असलेले डझनभर बोर्ड बाजारात आहेत. मला जे भोगावं लागलं ते त्यातल्या कुठल्याही बोर्डावर होऊ शकतं.

रॅम, प्रोसेसर, तापमान यांबद्दल तक्रार नाही. ॲल्युमिनियमच्या केसमध्ये उन्हाळाही निभावला. दर बूटला मॅक ॲड्रेस (नेटवर्क पोर्टचा ओळख क्रमांक) बदलायचा, त्यामुळे राउटर दरवेळी नवा आयपी द्यायचा. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये मॅक पक्का लिहून टाकल्यावर तेही मिटलं. हे सगळं दोन संध्याकाळचं काम. पुढचे कित्येक महिने खाल्ले ते इथरनेटच्या वेगानं.

६४ जीबीचं कार्ड गिगाबिटवर साधारण दहा मिनिटांत उतरायला हवं. मला लागायचा दीड तास. सेकंदाला अकरा-साडेअकरा एमबी, त्याच्या वर काटा सरकेना. हा आकडा दिसला की डिस्कवर संशय घेऊ नका. १०० एमबीपीएसच्या लिंकवर एवढंच मिळतं, कारण ते मेगाबिट आहेत आणि आठ बिटांचा एक बाइट होतो. खात्रीसाठी आयपर्फ-३ चालवा. त्यात डिस्क मध्ये येतच नाही, फक्त नेटवर्क मोजलं जातं. गिगाबिट असेल तर ९४० एमबीपीएसच्या आसपास दिसतं, १०० ची लिंक असेल तर ९४ च्या आसपास. माझ्याकडे ९४ दिसलं.

विकणाऱ्याच्या सपोर्टला लिहिलं. पहिलं उत्तर: इमेज (कार्डावर टाकायची पूर्ण सिस्टिमची फाइल) पुन्हा टाका. टाकली, फरक शून्य. दुसरं उत्तर: गिगाबिट म्हणजे ‘अप टू’ गिगाबिट. तिसरं उत्तर मात्र खरोखर नुकसान करणारं होतं: ऑटोनिगोशिएशन (दोन टोकांनी आपसांत वेग ठरवणं) बंद करा आणि इथटूलनं (इथरनेटच्या सेटिंगची लिनक्समधली कमांड) वेग १००, डुप्लेक्स फुल (एकाच वेळी दोन्ही दिशांनी) असं पक्कं करा, लिंक स्थिर होईल. ते केल्यावर पिंग व्यवस्थित जायचं, पण मोठी फाइल पाठवली की सगळं रखडायचं.

याचं कारण प्रत्येकानं समजून घ्यावं, कारण हा सल्ला आजही सर्रास दिला जातो. दोन्ही टोकांच्या फाय चिप (केबलवरचे सिग्नल सांभाळणाऱ्या चिप) केबलवरून एकमेकींना सांगतात, मला हे हे वेग जमतात, आणि त्यातला सर्वांत वरचा समान वेग ठरतो. एका टोकाला ही बोलणी बंद केली, की समोरच्या साध्या स्विचला फक्त वेग ओळखता येतो, डुप्लेक्स कळत नाही. मग नियमाप्रमाणे तो हाफ डुप्लेक्स (एका वेळी एकच दिशा) धरतो. एक बाजू फुल आणि दुसरी हाफ म्हणजे टकरी आणि तुटलेली पाकिटं (डेटाचे तुकडे). ज्याला खरोखर १०० वरच राहायचं आहे त्यानं ऑटोनिगोशिएशन चालू ठेवून फक्त जाहीर करायचे वेग कमी करावेत. इथटूलमध्ये ‘ॲडव्हर्टाइज’ला ०x००८ दिलं की फक्त १०० फुल जाहीर होतं. आणि बोलणी बंद करून १००० पक्कं करता येईल ही अपेक्षा तर ठेवूच नये. तांब्याच्या केबलवरच्या गिगाबिटला, म्हणजे १९९९ च्या ८०२.३एबी मानकाला, ऑटोनिगोशिएशन लागतंच. घड्याळाचा मास्टर कोण आणि स्लेव्ह कोण हे त्यातच ठरतं.

शेवटी सपोर्टनं सांगितलं, बोर्ड पाठवा, तपासून कळवू, किती दिवस लागतील सांगता येत नाही. ऐन सीझनमध्ये बॅकअपचं यंत्र कुरिअरनं पाठवणं मला शक्य नव्हतं. तेव्हा या बोर्डाला मी पाचपैकी दोन तारे दिले असते.

इथपर्यंतचं सीझन चालू असतानाच टिपून ठेवलं होतं. पुढे मत बदललं ते एका ओळीमुळे.

कंपनीच्या इमेजमधला कर्नल (लिनक्सचा गाभा) ४.४ मालिकेतला होता. मूळ ४.४ आला जानेवारी २०१६ मध्ये. कंटाळून आर्मबियन या छोट्या बोर्डांसाठीच्या लिनक्सची नव्या कर्नलची इमेज वेगळ्या कार्डावर टाकली, बूट केलं आणि डीमेसेज (कर्नलच्या नोंदी) पाहिला. त्यात स्वच्छ लिहिलं होतं: डाउनशिफ्ट झालं आहे, ठरलेला वेग १ जीबीपीएस, प्रत्यक्ष वेग १०० एमबीपीएस, केबल तपासा. तोच बोर्ड, तीच केबल, तोच स्विच. जुना कर्नल गप्प राहून १०० वर बसायचा, नव्यानं कारणासकट सांगितलं. एवढ्या एका ओळीसाठी आर्मबियनवाल्यांचे आणि कर्नलमध्ये ती लिहिणाऱ्यांचे मनापासून आभार.

जुन्या कर्नलवरही ही खूण वाचता येते, फक्त स्वतः जोडून बघावी लागते. इथटूलच्या उत्तरात आपण जाहीर केलेले वेग असतात आणि समोरच्यानं जाहीर केलेलेही असतात. दोन्हीकडे १००० फुल आहे आणि तरी खाली ‘स्पीड’समोर १०० आहे, असं दिसलं तर बोलणी फसलेली नाहीत. बोलणी नीट झाली, पण ठरलेला वेग केबलला झेपला नाही. बूटनंतर लिंक यायला नेहमीपेक्षा बराच वेळ लागणं ही दुसरी खूण, कारण फाय आधी गिगाबिटचे काही प्रयत्न करते आणि मग खाली उतरते.

हे असं होतं कारण बोलणी फक्त केशरी आणि हिरव्या जोडीवर चालतात, म्हणजे पिन १-२ आणि ३-६ वर. १०० ची लिंकही तेवढ्यावरच चालते. गिगाबिटला मात्र चारही जोड्या लागतात. निळी किंवा तपकिरी जोडी तुटलेली असली तरी दोन्ही टोकं खुशाल १००० ठरवतात आणि नंतर अडकतात. ज्या चिपला खाली उतरता येत नाही तिची लिंक सतत वर-खाली होत राहते.

भिंतीतली केबल टाळून बोर्ड छोट्या पॅच कॉर्डनं थेट स्विचला लावला आणि आयपर्फनं ९४० दाखवलं. मग भिंतीतली केबल उघडली. आय-ओ बॉक्समध्ये (भिंतीवरचा नेटवर्कचा सॉकेट) तपकिरी जोडी जॅकला जोडलेलीच नव्हती. दारावरचा कॅमेरा बसवताना वायरमननं ती १२ व्होल्टसाठी वळवली होती. त्या कोपऱ्यात आधी जुना पीसी होता, त्याचं कार्डच १०० चं, त्यामुळे ही चोरी कोणाला जाणवली नाही. आपल्याकडे दुकानं, क्लासेस, दवाखान्यांत असं वायरिंग खूप आहे. एक केबल ओढायची आणि दोन जोड्यांवर नेट, उरलेल्यांवर कॅमेरा किंवा इंटरकॉम. कॅमेऱ्यासाठी वेगळी वायर ओढून घेतली.

नवी केबल घेताना तार खरवडून बघा. आत पांढरी चकाकी दिसली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे. कॅट ५ई किंवा कॅट ६ च्या मानकात ते बसत नाही, बॉक्सवर काहीही छापलेलं असो. बॉक्स उचलूनही वजनातला फरक कळतो. इथे चार पैसे वाचवू नयेत. मी बाकी सगळीकडे काटकसर करतो, केबलवर नाही.

काही फाय चिपचे ड्रायव्हर केबल स्वतःच तपासतात. कर्नल ५.८ पासून इथटूलमध्ये केबल-टेस्टची सोय आहे आणि कुठली जोडी उघडी आहे, अंदाजे किती मीटरवर, हे त्यात कळतं. माझ्या बोर्डाच्या ड्रायव्हरमध्ये ही सोय नाही, याची खंत आहे. ती असती तर भिंत उघडण्याआधीच जागा कळली असती.

केबल नीट झाल्यावर गिगाबिट आलं, पण दुसरंच दुखणं वर आलं. अधूनमधून लिंक तीन-चार सेकंद जायची आणि परत यायची. कॉपी चालू असताना शक्यतो नाही, शांतता असताना जास्त. हे वाचून जाणकारांनी ओळखलं असेल: ईईई, २०१० चं ८०२.३एझेड, रिकाम्या वेळी वीज वाचवणारी सोय. काही बोर्ड आणि स्विच यांची त्यात जोडी जमत नाही. ओड्रॉइड सी२ या बोर्डावर गिगाबिटमध्ये हाच त्रास निघाला होता आणि त्यासाठी डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डाच्या हार्डवेअरची माहिती कर्नलला देणारी फाइल) ‘ईईई-ब्रोकन-१०००टी’ असा गुणधर्म कर्नलमध्ये घेतला गेला. मी इथटूलच्या ‘सेट-ईईई’नं ते बंद केलं, बूटवर आपोआप चालावं म्हणून छोटी सिस्टमडी सर्व्हिस लिहिली. तेव्हापासून लिंक पडलेली लॉगमध्ये दिसलेली नाही. विजेची जी काही बचत गेली असेल ती मला मान्य आहे.

अजून एक प्रकार वेगळा ओळखावा. इथटूल १००० दाखवतं, लिंक पडत नाही, तरी पाकिटं जात नाहीत किंवा सीआरसी एररचे (पाकीट बिघडून पोचल्याचे) आकडे वाढत राहतात, आणि १०० वर आणलं की सगळं सुरळीत. केबल बदलूनही हे तसंच राहिलं, तर गडबड बोर्डावरच प्रोसेसर आणि फाय यांच्यामधल्या आरजीएमआयआय नावाच्या जोडणीत शोधावी. गिगाबिटला तिथलं घड्याळ १२५ मेगाहर्ट्झवर धावतं, १०० ला फक्त २५ वर. त्या घड्याळाला सुमारे दोन नॅनोसेकंदांचा विलंब प्रोसेसर किंवा फाय यांपैकी कोणीतरी द्यावा लागतो, आणि डिव्हाइस ट्रीमध्ये ‘आरजीएमआयआय’ की ‘आरजीएमआयआय-आयडी’ हे चुकलं की तो दोनदा दिला जातो किंवा दिलाच जात नाही. हे वापरणाऱ्यानं कितीही केबली बदलल्या तरी सुटत नाही. इथे बोर्ड परत करण्याचा हट्ट जरूर धरा.

आता बोर्डाला मी चार तारे देतो. पाचवा देणार नाही. सपोर्टनं पहिल्याच दिवशी इथटूलचं उत्तर मागितलं असतं तर सीझनभर रात्री जागून कार्डं उतरवावी लागली नसती, आणि विक्रीच्या पानावर आजही तीच ४.४ ची इमेज उतरवायला ठेवलेली आहे. मी त्यांना डीमेसेजची ओळ, इथटूलचं उत्तर आणि आय-ओ बॉक्सचा फोटो पाठवला आहे. उत्तर आलं की इथे जोडेन. पुढच्या सीझनआधी स्टुडिओच्या दुसऱ्या खोलीसाठी हाच बोर्ड आणखी एक घेतोय, आर्मबियन पहिल्या दिवसापासून आणि चारही जोड्या माझ्यासमोर क्रिम्प करून घेऊन.