डबी माझी, डिस्क दुसऱ्याची

बहिणीच्या पुण्यातल्या होस्टेलचं डिपॉझिट भरायचं होतं, म्हणून मी माझ्या पीएस-फोरच्या, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायच्या मशीनच्या, पाच गेम एका लिलावाच्या साइटवर विकायला काढल्या. कॉलेजात असताना सुट्टीत सोलापूरच्या चाटी गल्लीतल्या मामांच्या कापड दुकानात काम करून, त्या पैशांतून एकेक करून घेतलेल्या. पीएस-फोरची डिस्क कुणाच्या खात्याला बांधलेली नसते, कुठल्याही पीएस-फोरवर चालते. म्हणून जुन्या डिस्कलाही चांगला भाव येतो.

बोली १,५०० पासून सुरू झाली. शेवटच्या रात्री दोघांत चढाओढ लागली आणि ६,८०० वर थांबली. जिंकणारा परराज्यातला. पैसे साइटकडे जमा राहणार, पार्सल पोचल्यावर काही दिवसांनी मला मिळणार, असा नियम. मला तो सुरक्षितच वाटला. पाचही डब्या आमच्या गल्लीतल्या मागावरच्या कोऱ्या पांढऱ्या टॉवेलात गुंडाळल्या, वर बबलची गुंडाळी मारली आणि कुरिअर केलं.

पार्सल पोचलं आणि दोन दिवसांत तक्रार आली : डिस्क चालत नाहीत, पैसे परत हवेत. मला धक्काच बसला, कारण पाठवायच्या आदल्या रात्री प्रत्येक गेम मी स्वतः लावून पाहिली होती. पण वाद घालण्यापेक्षा माल परत येऊ दे, मग बघू, असं म्हणून मी रिटर्नला होकार दिला.

परत आलेल्या खोक्यात टॉवेल नव्हता, चुरगळलेला कागद होता. डब्या माझ्याच. 'रेड डेड रिडेम्प्शन २'च्या डबीचा खालचा कोपरा माझ्या हातून पडून तडकला होता, तो तसाच. या गेमला दोन डिस्क असतात : एक डेटा डिस्क, ती इन्स्टॉल करताना एकदाच लागते, आणि दुसरी प्ले डिस्क, ती खेळताना दर वेळी मशीनमध्ये असावीच लागते. डेटा डिस्क माझीच, लख्ख. प्ले डिस्क मात्र दुसरीच. मागच्या बाजूला गोल फिरलेला खोल ओरखडा, आणि पुढे काळ्या मार्करने लिहिलेलं '१४'. असे नंबर गेम भाड्याने देणारे दुकानदार टाकतात. माझी डिस्क मी कधी मित्राला उसनीसुद्धा दिली नव्हती. बाकीच्या चार डब्यांपैकी दोनमध्ये हाच प्रकार.

तेव्हा उलगडा झाला. पीएस-फोरच्या गेम ब्लू-रे प्रकारच्या डिस्कवर असतात आणि तिच्यात माहितीचा थर पृष्ठभागाच्या फक्त ०.१ मिलिमीटर आत असतो, त्यामुळे खोल ओरखडा गेला की ती कायमची बाद. त्या माणसाने माझ्या तीन चांगल्या डिस्क ठेवून घेतल्या, त्याच्या बाद झालेल्या माझ्या डब्यांत घातल्या, आणि वर ६,८०० परत मिळवले.

साइटने माझ्याकडे खोका उघडतानाचा व्हिडिओ मागितला. मी घाईत कात्रीने कापून मोकळा झालो होतो. विक्रीच्या वेळी टाकलेले फोटो सगळे डब्यांच्या कव्हरचे, डिस्कचा एकही नाही. बदललेली डिस्क माझी नव्हतीच, हे कशावरून, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पैसे त्याला गेले.

म्हणून हे कळकळीने लिहितोय. डिस्क पाठवायची असेल तर दोन्ही बाजूंचे फोटो काढा. मधल्या भोकाभोवतीच्या पारदर्शक प्लास्टिकवर, जिथे माहिती नसते, मार्करने तुमची खूण करा आणि तीही फोटोत येऊ द्या. नुसत्या काठावरच्या छापील अक्षरांवर विसंबू नका, एका छपाईतल्या अनेक डिस्कवर ती सारखीच असतात. भरताना आणि परत आलेलं उघडताना, दोन्ही वेळा एकाच सलग व्हिडिओत कुरिअरचं लेबल दिसू द्या.

या गडबडीत साइटच्या 'कस्टमर केअर'च्या नावाने एक फोन आला. अडकलेली रक्कम मिळवायला एक क्यूआर स्कॅन करून पिन टाका म्हणाला. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही, हे ठाऊक होतं म्हणून तिथे तरी वाचलो. तुमचे पैसे असे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, उशीर केला की रक्कम पुढच्या खात्यांत पसरते.

उरलेल्या दोन गेम मी जुळे सोलापुरातल्या एका मुलाला विकल्या. तो घरी आला, आईने चहा ठेवला, त्याने दोन्ही डिस्क माझ्या मशीनवर दहा-दहा मिनिटं लावून पाहिल्या आणि रोख १,७०० मोजून दिले.