गाडीचा अलार्म: दहा महिने आणि दोनदा केलेलं वायरिंग

आमची झेन २००३ ची. वडिलांनी घेतलेली, आजही रोज डिचोली-म्हापसा करते. पंधरा वर्षांनंतर नोंदणी वाढवून घेतली, विमा मात्र थर्ड पार्टीच ठेवला. म्हणजे गाडी चोरीला गेली तर भरपाईचा एक रुपयाही मिळणार नाही. घर वरच्या अंगाला, गाडी खाली रस्त्याकडेला, आणि दोडामार्गची, म्हणजे महाराष्ट्राची, हद्द अर्ध्या तासावर. किल्लीत गाडीला ओळख पटवणारी चिप नाही. लॉक तोडून मागच्या वायरी एकमेकींना लावल्या की ही गाडी चालू होते. म्हणून गेल्या मे महिन्यात, पाऊस लागायच्या आत, सायरन आणि इमोबिलायझरवाला (म्हणजे गाडी चालूच होऊ न देणारा) रिमोट अलार्म बसवून घेतला.

दुकानातल्या मुलाने पाऊण तासात काम संपवलं. तेव्हा मला त्याचं कौतुक वाटलं होतं. त्याने रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, घातला तो इंजिनला पेट्रोल पोचवणाऱ्या पंपाच्या वायरमध्ये. वायरी सोलून पिळल्या, वर काळी टेप गुंडाळली. बॅटरीहून आलेल्या पॉझिटिव्ह वायरला फ्यूजच नव्हता.

जूनपासून त्रास सुरू झाला. पाच-सहा दिवस गाडी उभी राहिली की बॅटरी उतरायची. दोष मी बॅटरीलाच देत होतो. मग ऑगस्टमध्ये आईला घेऊन बेळगावला निघालो असताना चोर्ला घाटात, ऐन वळणावर, इंजिन बंद पडलं. स्टिअरिंग जड झालं. ब्रेकचा बूस्टर इंजिनवर चालतो, त्यामुळे दोन-तीनदा दाबल्यावर पेडलही दगडासारखं कडक. हँडब्रेक ओढला, उतरून चाकामागे धोंडा लावला. पाऊस कोसळत होता आणि मागून ट्रक येत होते. आईचा त्या वेळचा चेहरा मी विसरू शकत नाही. चोराला अडवायला लावलेल्या वस्तूने आमचाच जीव धोक्यात घातला होता.

नंतर डिचोलीतल्या एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनने डॅशबोर्डखाली हात घातला आणि तो पिळलेला जोड बाहेर काढला. तांबं हिरवं पडलेलं, टेप वितळून चिकट झालेली. पंपाचा चार-पाच अँपिअरचा प्रवाह त्या सैल जोडातून जायचा, जोड तापायचा, आणि आपल्याकडच्या दमट हवेने उरलेलं काम केलं. ते म्हणाले, "बाब, पंपाची वायर कधी तोडू नये. स्टार्टरची तोडावी. चालती गाडी चालतीच राहायला हवी."

त्यांनी केलेलं काम मी शेजारी बसून पाहिलं. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढली. वायरी ओळखताना तेवढ्यापुरती परत लावली आणि मल्टिमीटरने इग्निशनमागची एकेक वायर तपासली. किल्ली स्टार्टला फिरवल्यावरच बारा व्होल्ट दाखवते ती स्टार्टरची. बॅटरी पुन्हा काढून तेवढी एकच वायर कापली आणि दोन्ही टोकं रिलेच्या ३० आणि ८७-ए या पिनांना दिली; रिले ओढला जात नाही तोवर या दोन पिना आतून जोडलेल्याच असतात. रिले ओढणाऱ्या कॉइलच्या ८६ वर इग्निशनचा प्लस, ८५ वर अलार्मकडून येणारी निगेटिव्ह. अलार्म लावलेला असताना कोणी किल्ली फिरवली तरच रिले ओढला जातो आणि स्टार्टरची जोडणी तुटते. गाडी नुसती उभी असताना कॉइलमध्ये प्रवाहच नाही. जुन्या जोडणीत कॉइल रात्रंदिवस चालू असायची. गाडी उभी असताना मीटरवर तेव्हा १८० मिलिअँपिअर दिसले, म्हणजे दिवसाला चार अँपिअर-अवरच्या वर, आणि माझी बॅटरी ३५ अँपिअर-अवरची. आता २० दिसतात. कॉइलवर उलटा डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) घातला, पट्टीची बाजू प्लसकडे. नाहीतर रिले सुटताना उठणारा व्होल्टेजचा झटका अलार्मचं सर्किट खराब करतो.

जोड सगळे सोल्डर केले आणि वर उष्णतेने आवळणारी नळी चढवली. अर्थिंगसाठी रंग खरवडून उघड्या पत्र्यावर रिंग टर्मिनल बोल्टने बसवलं. बॅटरीपासून वीतभर अंतरावर १५ अँपिअरचा फ्यूज. सायरनचं तोंड खाली, म्हणजे पाणी साचत नाही. मजुरी नऊशे रुपये.

सात महिन्यांत गाडी एकदाही रस्त्यात बंद पडलेली नाही, बॅटरीही उतरलेली नाही.

तरी याला मर्यादा आहेत. ८७-ए वर जोडल्यामुळे अलार्मचं युनिट मेलं तर गाडी नेहमीसारखी चालू होते. रात्री-अपरात्री आईला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर मला तेच हवंय. पण युनिट शोधून त्याची वायर कापणाऱ्या चोरालाही तीच सोय होते, म्हणून युनिट सहज हात पोचणार नाही अशा जागी हलवलं. दुसरं म्हणजे स्टार्टर तोडला तरी गिअरची गाडी धक्क्यावर चालू होते, आणि आमचा रस्ता उताराचा. त्यासाठी गिअर लॉक वेगळा घेतला. हा खर्च टाळू नका.

धक्का ओळखणाऱ्या सेन्सरने सुरुवातीला फार छळलं. चतुर्थीच्या फटाक्यांना सायरन, दिवाळीतल्या नरकासुराच्या रात्री तर पहाटेपर्यंत सायरन. शेजारच्या काकी सकाळी येऊन म्हणाल्या, "पोरगी तापाने फणफणलीय रे, रात्रभर झोपली नाही." मला मनापासून वाईट वाटलं. त्याच दिवशी सेन्सरचा स्क्रू कमी केला. आता शिगम्याचा ढोल अगदी जवळून गेला तरी शांत असतो, काचेवर मूठ मारली तर वाजतो.

नव्या गाड्यांच्या किल्लीत चिप असते. तिथे स्टार्टरची वायर कापायची गरज नाही, वॉरंटीही धोक्यात येते. वायर न कापता कपलरवर, म्हणजे वायरींच्या तयार प्लगवर, बसणारा सायरन पुरे. एअरबॅग असेल तर पिवळ्या कपलरला हातही लावू देऊ नका. पूर्ण विमा असणाऱ्यांनी एआरएआय या वाहन-तपासणी संस्थेने मान्य केलेलं उपकरण बसवून प्रमाणपत्र घ्यावं. स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीच्या हप्त्यात अडीच टक्के, जास्तीत जास्त ५०० रुपये सूट आहे.

महिन्यातून एकदा मी आत बसून अलार्म लावतो आणि किल्ली फिरवतो. सायरन वाजायला हवा, स्टार्टर गप्प राहायला हवा. रिमोट बिघडला तर वापरायचं छुपं बटण कुठे आहे ते आईलाही दाखवून ठेवलंय. इलेक्ट्रिशियनने काढून दिलेली जोडणीची आकृती गाडीत ठेवलेली नाही. ती घरी, आरसीच्या झेरॉक्ससोबत कपाटात आहे.