१५ वर्षं पिचफोर्कचे रिव्ह्यू वाचल्यावर

नवीन अल्बम आला की आधी ऐकायचा की आधी पिचफोर्क उघडायचं, ह्यावरून माझं आणि दादाचं कॉलेजपासून वाजतंय. तो म्हणतो आधी मार्क बघ, सातच्या खाली असेल तर सोडून दे, वेळ वाचतो. मी पण बरीच वर्षं तसंच केलं, आता नाही करत, आणि तरीही रोज ती साइट उघडते. म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकू की ह्यांच्या रिव्ह्यूत काय घेण्यासारखं आहे आणि काय नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पिचफोर्क ही अल्बमची समीक्षा करणारी अमेरिकन साइट, १९९६ मध्ये रायन श्रायबर नावाच्या नुकती शाळा संपवलेल्या पोराने मिनियापोलिसमध्ये सुरू केली, मग शिकागोला नेली, २०१५ मध्ये काँडे नास्ट ह्या मासिकं काढणाऱ्या कंपनीने विकत घेतली आणि २०२४ च्या जानेवारीत त्यांच्याच जीक्यू ह्या पुरुषांच्या फॅशनच्या मासिकाखाली ढकलली, तेव्हा बऱ्याच लोकांच्या नोकऱ्या गेल्या आणि मला खरंच खूप वाईट वाटलं. रोज नवीन अल्बमचे रिव्ह्यू, प्रत्येकाला ०.० ते १०.० मधला एक आकडा, आणि फारच आवडलं तर वर 'बेस्ट न्यू म्युझिक'चा शिक्का.

आता हा आकडा. ०.० ते १०.० म्हणजे मोजून १०१ पायऱ्या झाल्या. ७.८ आणि ७.९ मध्ये ऐकणाऱ्याच्या कानाला काय फरक पडतो हे मला आजपर्यंत कुणी समजावून सांगितलेलं नाही. आणि खूप लोकांना हे माहीत नसतं की आकडा एकटा लिहिणारा ठरवत नाही, संपादक मंडळी त्याच्याशी बोलून ठरवतात. म्हणजे मजकूर एकाचा, मार्क घरच्या सगळ्यांचे. म्हणूनच कधीकधी आत भरभरून कौतुक असतं आणि वर ६.९ बघून आपण चक्रावतो. हे एकदा कळलं ना की मग आकड्यावरून लिहिणाऱ्याला शिव्या घालणं बंद होतं.

पण त्या आकड्याची ताकद भयंकर आहे. माँट्रियलच्या आर्केड फायरच्या 'फ्यूनरल'ला २००४ मध्ये ९.७ दिले आणि फारसा कुणाला माहीत नसलेला तो बँड बघता बघता कुठल्या कुठे गेला. त्याच वर्षी ट्रॅव्हिस मॉरिसनच्या 'ट्रॅव्हिस्टन'ला ०.० दिला. चांगलं नाव असलेल्या बँडचा गायक होता तो, पहिलाच सोलो अल्बम, आणि एका शून्याने त्याच्याकडे बघायची लोकांची नजर बदलली. शून्य म्हणजे काय, की ह्या माणसाने वर्षभर खपून जे केलं त्यात ऐकण्यासारखा एक सेकंदसुद्धा नाही? असा अल्बम मी तरी आजवर ऐकला नाहीये. शाळेत निदान वही नीटनेटकी ठेवल्याचा एक मार्क द्यायचे. २००६ मध्ये तर जेट ह्या ऑस्ट्रेलियन बँडच्या अल्बमला ०.० देऊन मजकुराच्या जागी फक्त स्वतःच्याच तोंडात मुतणाऱ्या चिंपांझीचा व्हिडिओ लावला होता. त्यावर लोक अजून हसतात, मला मात्र तो प्रकार तेव्हाही आवडला नव्हता आणि आता तर अजिबात नाही. अल्बम भिकार असेल तर का भिकार आहे ते लिहा ना, त्याच कामासाठी तर तुम्ही बसलाय.

ह्यांची एक गोष्ट मात्र मनापासून आवडली. २०२१ मध्ये २५ वर्षं झाली तेव्हा त्यांनी १९ जुने अल्बम काढले आणि मार्क बदलले. डाफ्ट पंक ह्या फ्रेंच जोडीच्या 'डिस्कव्हरी'ला २००१ मध्ये खुद्द श्रायबरने ६.४ दिले होते, त्याचे १० केले! लिझ फेअर ह्या अमेरिकन गायिकेच्या २००३ च्या अल्बमला ०.० होता, तो सहावर आणला, आणि त्या रिव्ह्यूच्या लेखकाने तर त्याआधीच, २०१९ मध्ये, तिची जाहीर माफी मागितली होती. आता ह्याचा अर्थ काही लोक असा काढतात की बघा, ह्यांनाच काही कळत नाही. मला उलट वाटतं. गाणी तीच होती, वीस वर्षांत ऐकणारे बदलले, त्यांचे कान बदलले, आणि ते त्यांनी उघडपणे मान्य केलं. फक्त मग पहिल्याच आठवड्यात दशांश चिन्हापर्यंत जायचा हट्ट का, हा माझा प्रश्न राहतोच.

कारण खरा घोळ वेळेचा आहे. रेकॉर्ड कंपनीने अल्बम आधी पाठवला तर समीक्षकाला थोडे दिवस मिळतात, तेही लिंकवर, त्याच्या नावाचा वॉटरमार्क, म्हणजे छुपी खूण, असलेल्या. आणि बियॉन्सेने २०१३ च्या डिसेंबरमध्ये केलं तसं कुणी न सांगता अल्बम टाकला की सगळ्यांबरोबर ऐकायचं आणि सगळ्यांच्या आधी लिहायचं. एखादा अल्बम तुमच्यात मुरायला महिने लागतात, आणि तिथे शुक्रवारी आलेल्याचा निकाल सोमवारी हवा असतो. आपल्याकडे 'सवाई'च्या दुसऱ्या दिवशी पेपरात 'रसिक मंत्रमुग्ध झाले' छापून येतं तेव्हा माझी तीच तक्रार असते, कुठला राग कसा मांडला, काय नवीन ऐकलं, ते सांगा की. ६.४ काय आणि मंत्रमुग्ध काय, दोन्हीत मला ऐकू काहीच येत नाही.

आणि जेव्हा ऐकू येतं तेव्हा काय बहार येते! एप्रिल २०२०, लॉकडाऊन, आम्ही डोंबिवलीच्या घरात अडकलेलो. फिओना ॲपल ह्या अमेरिकन गायिकेचा 'फेच द बोल्ट कटर्स' आला आणि पिचफोर्कने १०.० दिले. नवीन अल्बमला त्यांनी पूर्ण दहा देण्याची ही जवळजवळ दहा वर्षांतली पहिली वेळ, त्याआधी २०१० मध्ये रॅपर कान्ये वेस्टच्या अल्बमला दिले होते. मी हेडफोन लावून किचनच्या ओट्याशी भाजी चिरत ऐकत होते, गाण्याच्या शेवटी कुत्री भुंकायला लागली, मला वाटलं खाली सोसायटीतली, हेडफोन काढला तर खाली चिटपाखरू नाही. परत लावला तर परत भुंकणं. मग रिव्ह्यू नीट वाचला, जेन पेलीने लिहिलेला, की बाईने हे सगळं बरंचसं घरीच रेकॉर्ड केलंय, घरातल्या वस्तू, भिंती, जमीन बडवून ताल काढलाय आणि तिची कुत्रीसुद्धा रेकॉर्डमध्ये आहेत. मग मी तोच अल्बम परत ऐकला आणि तो वेगळाच ऐकू आला, प्रत्येक ठोका घरातल्या कुठल्या वस्तूचा असेल ते शोधत बसले, भाजी राहिली तशीच. ते दहा मार्क मी विसरूनही गेले असते, पण ती भिंत नाही विसरले. मला समीक्षकाकडून हे पाहिजे.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. मेटाक्रिटिक ही साइट स्वतः काही ऐकत नाही, सगळ्यांचे मार्क गोळा करून सरासरी काढतं, आणि कुणाच्या मताला किती वजन द्यायचं ते सांगतही नाही. त्यात रॉबर्ट क्रिस्टगाउसारखा जुना अमेरिकन समीक्षक, जो १९६९ पासून परीक्षेसारखे ए, बी प्लस असे ग्रेड देतोय, त्याच्या बी प्लसचे हे ८३ करतात. त्याची दोन-तीन वाक्यांत अल्बम मांडायची जी कला आहे ती त्या ८३ मध्ये कुठे गेली? यूट्यूबवर अँथनी फँटानो आहे, २००९ पासून व्हिडिओ करतो, आवडलं तर पिवळा शर्ट, नाही आवडलं तर लाल, आणि 'स्ट्राँग सेव्हन', 'लाइट एट' अशी त्याची मापं. पिचफोर्कने ज्याला दहा दिले त्याच कान्येच्या अल्बमला ह्याने सहा दिले! मला त्याची मतं निम्मी वेळ पटत नाहीत, पण एवढी वर्षं बघून त्याला काय आवडतं ते पक्कं ठाऊक झालंय, त्यामुळे त्याचा लाल शर्टसुद्धा मला उपयोगी पडतो. पिचफोर्कवर पण हेच करा, साइटचं नाव नका बघू, लिहिणाऱ्याचं बघा, दोन-तीन जण धरून ठेवा.

आणि एक मी आवर्जून सांगेन, रविवारचा रिव्ह्यू. दर रविवारी एखादा जुना अल्बम घेऊन ऐसपैस लिहितात, कुठल्या गावात, कुठल्या वर्षी, कुणाच्या पैशाने, काय चाललं होतं त्या माणसाच्या आयुष्यात. घाई नाही, लिहिणारा त्या अल्बमसोबत जगलेला असतो. आकडा तिथेही असतोच, पण त्याच्याकडे लक्षसुद्धा जात नाही.

एका बाबतीत मात्र कमी पडतात, आपल्याकडचं संगीत तिथे फारच कमी येतं. तरी ॲलिस कोल्ट्रेनच्या आश्रमातल्या गाण्यांचा २०१७ मध्ये निघालेला संग्रह मला तिथेच सापडला. डेट्रॉइटची जॅझवाली बाई, लहानपणी चर्चमध्ये वाजवायची, नवरा, सॅक्सोफोनवाला जॉन कोल्ट्रेन, गेल्यानंतर अध्यात्माकडे वळली, कॅलिफोर्नियात आश्रम काढला आणि तिथे भजनं करून कॅसेटवर रेकॉर्ड केली. सिंथेसायझर, टाळ्या, आणि कोरस थेट चर्चमधला. त्यातलं चर्च कुठलं आणि कसं ते मला रिव्ह्यूने समजावलं, नाहीतर मला कुठून कळणार होतं. भजन मात्र आईने ओळखलं. मी स्पीकरवर 'केशव मुरहर' लावलं होतं, ती गहू निवडत बसलेली, पहिल्यांदा हात थांबला, मग म्हणाली अगं ही कुठली मंडळी गं, उच्चार बघ कसे करतायत, आणि पुढच्याच मिनिटाला ताटाच्या कडेवर बोटांनी ठेका धरला. संपल्यावर म्हणाली, परत लाव, आणि जरा मोठ्याने लाव.