जुन्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी: काही महिन्यांच्या वापरानंतर

राउटर व्यवस्थित चालत असताना, केवळ उत्पादकाने त्याच्यासाठी सुरक्षा अपडेट देणे थांबवले म्हणून तो टाकून द्यायचा, हे मला पटत नव्हते. ग्राहकसेवेकडे विचारणा केली, तर उत्तरादाखल नव्या मॉडेलची शिफारस आली. जुन्या फर्मवेअरचे, म्हणजे राउटर चालवणाऱ्या अंगभूत सॉफ्टवेअरचे, पुढे काय, याबद्दल त्यात अवाक्षरही नव्हते. १६ एमबी फ्लॅश (कायमची साठवण) आणि १२८ एमबी रॅम असलेले यंत्र असे वाया घालवणे मला मंजूर नव्हते, म्हणून त्यावर ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरसाठीचे मुक्त फर्मवेअर बसवले. तेव्हापासून घरातले सगळे इंटरनेट त्यावरच चालते आहे.

ज्यांच्या राउटरमध्ये ४ एमबी फ्लॅश किंवा ३२ एमबी रॅम आहे, त्यांनी या वाटेला जाऊ नये. ८ आणि ६४ एमबीवरही आजकाल ओढाताणच होते. बाकीच्यांनी प्रथम राउटर उलटा करून तळाच्या लेबलवरची हार्डवेअर आवृत्ती वाचावी. एकाच मॉडेलच्या नावाखाली पहिल्या आणि तिसऱ्या आवृत्तीत वेगळी चिप, वेगळ्या आकाराची फ्लॅश असू शकते, आणि एकीची फाइल दुसरीवर चढवली तर राउटर ब्रिक होऊ शकतो, म्हणजे चालूच होत नाही. आत ब्रॉडकॉमची वायफाय चिप असेल, तर मुक्त ड्रायव्हरचा आधार बहुधा तोकडाच मिळतो, हेही आधीच पाहून घेतलेले बरे. मूळ फर्मवेअरवरून पहिल्यांदा जाताना सहसा ‘फॅक्टरी’ फाइल लागते, ‘सिसअपग्रेड’ ही नंतरच्या अद्ययावतीकरणासाठी असते. डाउनलोड झालेल्या फाइलचा एसएचए२५६ हॅश (फाइल बिघडलेली नाही हे पडताळण्याची खूण) जुळवून पाहावा, काम लॅन केबल जोडूनच करावे आणि लिहिणे चालू असताना वीज जाऊ देऊ नये. बसवल्यानंतर वायफाय बहुतेक यंत्रांवर बंदच असते आणि रूटला (मुख्य प्रशासक खात्याला) पासवर्ड नसतो, म्हणून १९२.१६८.१.१ वर जाऊन आधी पासवर्ड ठेवावा, मग वायफाय चालू करावे.

परतीचा रस्ता ठाऊक असल्याशिवाय फ्लॅश करू नये, म्हणजे नवे फर्मवेअर चढवू नये. सामान्य पद्धतीने बसवताना बूटलोडरला (राउटर सुरू करणाऱ्या छोट्या प्रोग्रामला) धक्का लागत नाही, त्यामुळे अनेक राउटर ठरावीक बटण दाबून चालू केल्यावर टीएफटीपीने (नेटवर्कवरून फाइल पाठवण्याच्या साध्या पद्धतीने) मूळ फाइल परत घेतात. त्यासाठी संगणकाला कोणता आयपी द्यायचा आणि फाइलचे नाव काय ठेवायचे, हे मॉडेलनुसार बदलते. ही माहिती आणि ती फाइल दोन्ही आधीच संगणकात उतरवून ठेवावीत, कारण गरज पडेल तेव्हा घरात इंटरनेट नसेल. सिरियल पोर्टपर्यंत (राउटरच्या आतील दुरुस्तीच्या जोडणीपर्यंत) जाण्याची वेळ आली, तर अ‍ॅडाप्टर बहुधा ३.३ व्होल्टचा लागतो. ५ व्होल्टचा लावल्यास चिप कायमची निकामी होऊ शकते.

आता ज्या गोष्टीसाठी हे सविस्तर लिहीत आहे ती. फ्लॅशमध्ये एक लहानसा विभाग असतो. अ‍ॅथेरॉसच्या चिप असलेल्या यंत्रांत त्याचे नाव बहुधा ‘एआरटी’ असते आणि तो अनेकदा अवघ्या ६४ केबीचा असतो. मीडियाटेकच्या यंत्रांत त्याला ‘फॅक्टरी’ म्हणतात, पण त्याचा वर उल्लेखलेल्या फॅक्टरी फाइलशी काहीही संबंध नाही. कारखान्यात त्या विशिष्ट नगाच्या रेडिओची मोजमापे घेऊन ती येथे लिहिलेली असतात आणि बहुतेक यंत्रांत मॅक पत्तेही (यंत्राच्या नेटवर्कवरील ओळखसंख्या) येथेच असतात. हा विभाग पुसला गेला तर वायफाय बंद पडते किंवा दुबळे होते, आणि टीएफटीपीने मूळ फर्मवेअर परत घातले तरी तो परत येत नाही, कारण उत्पादकाच्या फाइलमध्ये तो नसतोच. दुसऱ्या नगाची प्रतही खरी भरपाई करू शकत नाही, कारण ती मोजमापे त्या दुसऱ्या रेडिओची असतात. साध्या इन्स्टॉलमध्ये हा विभाग सुरक्षित राहतो हे खरे, परंतु पुढे कधी बूटलोडर बदलताना किंवा फ्लॅशच्या चुकीच्या (एमटीडी) विभागावर लिहिण्याची आज्ञा दिली गेली, तर तो क्षणात जातो. इतकी मोलाची गोष्ट बहुतेक मार्गदर्शिका शेवटच्या ओळीत उरकतात, याचा मला मनापासून संताप येतो. ल्युसीमधून (ओपनडब्ल्यूआरटीच्या ब्राउझरमधील नियंत्रण पानांवरून) नेहमीचा बॅकअप घेतला की काम झाले असे समजू नये. त्यात फक्त सेटिंग्ज असतात. त्याच पानावर खाली एमटीडीब्लॉकमधील, म्हणजे फ्लॅशच्या एकेका विभागातील, मजकूर उतरवून घेण्याची सोय आहे. तेथून हा विभाग निवडून त्याची प्रत राउटरबाहेर दोन ठिकाणी ठेवावी, आणि फाइलच्या नावात त्या नगाचा मॅक पत्ता लिहावा.

अद्ययावतीकरणाबद्दलचे माझे मत मात्र बदलले आहे. सिसअपग्रेड केल्यावर सेटिंग्ज टिकतात, पण नंतर घातलेली पॅकेजेस (जादा प्रोग्राम) निघून जातात, आणि पहिल्या वेळी हा प्रकार मला अक्षम्य वाटला होता. पुढे ‘अटेंडेड सिसअपग्रेड’ वापरू लागलो. त्यात आपल्या पॅकेजांसह नवी फाइल सर्व्हरवर तयार होऊन येते, त्यामुळे ती तक्रार मी मागे घेतो.

अनपेक्षित आनंद दिला तो एसक्यूएमने, म्हणजे इंटरनेटवरच्या वाहतुकीची रांग सांभाळणाऱ्या सोयीने. कोणी मोठी फाइल अपलोड करू लागले की व्हिडिओ कॉल अडखळत असे. त्यातील ‘केक’ ही रांगेची पद्धत निवडून वेगमर्यादा मोजलेल्या वेगाच्या सुमारे ९० टक्के ठेवली आणि तो त्रास थांबला. याची किंमत प्रोसेसर मोजतो, आणि फ्लो ऑफलोडिंग (वाहतूक नेहमीच्या प्रक्रियेला वळसा देऊन वेगाने पुढे धाडणे) चालू ठेवले तर एसक्यूएम निष्प्रभ होऊ शकते, म्हणून ते बंद ठेवावे लागते. माझ्या सध्याच्या कनेक्शनला हा प्रोसेसर पुरतो. वेग बराच वाढवून घेतला तर तो कमी पडेल. तेव्हा एसक्यूएमसाठी दुसरे यंत्र पुढे लावून हा राउटर निव्वळ वायफाय पुरवणारा अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून वापरण्याचा विचार आहे.