लेझर रायफल आणि बायॅथलॉन टार्गेटचा संच: मुलांसोबत आठ महिने वापरल्यावर

परवा भर सरावात रायफलीचा चाप अडकला. दाबला की दाबलेलाच. सेवा विभागाचं उत्तर ठरलेलं: चाप सुटा मिळत नाही, अख्खा भाग बदला. चापातल्या एका स्प्रिंगपायी एवढा खर्च करायला माझा जीव धजेना. तीन फोन आणि बरीच वादावादी झाल्यावर तीच स्प्रिंग पाकिटातून घरपोच आली! बसवायला दहा मिनिटं लागली. मग ‘मिळत नाही’ का म्हणालात?

माझ्याकडची मुलं नऊ ते बारा वर्षांची. बायॅथलॉन म्हणजे बर्फावर स्की आणि मध्ये थांबून रायफलनं नेमबाजी; आमच्याकडे बर्फ नाही, म्हणून स्कीऐवजी धावणं. धावायचं, पाच नेम मारायचे, चुकेल त्या प्रत्येक नेमामागे एक दंडफेरी. मोठ्यांची दंडफेरी १५० मीटरची असते, आमची तीस पावलांची. लांब ठेवली तेव्हा कच्चे नेमबाज सगळा वेळ पळतच राहिले आणि रायफल त्यांच्या हाती कमी आली. आता रिलेमध्ये तीच मुलं सर्वांत मोठ्यानं ओरडत असतात.

माझी खरी तक्रार बोल्टची आहे. खऱ्या बायॅथलॉन रायफलीत प्रत्येक गोळीनंतर बोल्ट, म्हणजे पुढची गोळी नळीत भरणारा दांडा, हातानं मागे-पुढे करावा लागतो. तेवढ्यात एक श्वास होतो, नेम पुन्हा लागतो. या संचात बोल्टच नाही. धापा टाकत आलेलं पोर दोन सेकंदांत पाचही वेळा चाप दाबून मोकळं! पहिले दोन महिने मी हा संच वाया गेला असंच म्हणत होतो.

मग नियम केला: प्रत्येक नेमानंतर बोट चापावरून काढायचं, पूर्ण श्वास सोडायचा, मगच पुढचा. महिनाभरात फरक दिसला. त्यामुळे माझं आधीचं मत मी मागे घेतो, पण अर्धंच. जे काम यंत्रानं करायचं, ते मला ओरडून करावं लागतंय.

लक्ष्याचा आकार बदलता येतो, हे उत्तम. स्पर्धेत ५० मीटरवर झोपून मारायचं लक्ष्य ४५ मिलिमीटरचं, उभ्यानं मारायचं ११५ चं. १० मीटरवर त्याच प्रमाणात ९ आणि २३ होतात. आम्ही सगळ्यांना आधी झोपवून, रायफल टेकूवर ठेवून, मोठंच लक्ष्य दिलं. पहिल्याच दिवशी दिवा लागला की पोरं खूश. थेट ऊन पडलं की मात्र टार्गेट नेम ओळखत नाही, तेव्हा ते सावलीत मांडा.

सुरक्षिततेत मी सूट देत नाही. ‘नुसता प्रकाश तर आहे’ म्हणत एकानं नळी मित्राकडे वळवली, त्या दिवशी सराव तिथंच थांबवला. रायफल चटईवरच राहते, ती घेऊन कोणी धावत नाही, नळी कायम लक्ष्याकडे. उद्या .२२ ची खरी रायफल हातात येईल तेव्हा हीच सवय कामी येणार आहे.

दुसरा संच घ्यायचाच आहे. विकणाऱ्याला दोनच प्रश्न विचारीन: बोल्ट आहे का, आणि चाप सुटा मिळतो का?