फ्रीकॅडचा लॉफ्ट : दहा महिने आणि चार व्होल्यूट केसिंगनंतर

गेल्या दहा महिन्यांत सेंट्रिफ्युगल पंपाच्या चार व्होल्यूट केसिंगचे पॅटर्न (ओतकामाचा साचा ज्यावरून घेतात तो नमुना) आणि कोअर बॉक्स (आतली पोकळी ठेवणारा वाळूचा गाभा, म्हणजे कोअर, ज्यात घडवतात ती पेटी) मी फ्रीकॅड या थ्रीडी ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये काढले. चारही वेळा मुख्य काम त्यातल्या लॉफ्ट या आज्ञेनेच केलं. आमचं पॅटर्न शॉप कोल्हापुरात, उद्यमनगरात आहे. फाइल तयार झाली की स्टेप फॉरमॅटमध्ये व्हीएमसीवाल्याकडे (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनवाल्याकडे) जाते, तिकडून एमडीएफचा नाहीतर ॲल्युमिनियमचा तुकडा येतो आणि शेवटचा हात आम्ही मारतो. त्यामुळे स्क्रीनवर आकार किती देखणा दिसतो याला माझ्या लेखी फार किंमत नाही. तुकड्यावरून बोटं फिरवली की काय लागतं, ते महत्त्वाचं.

ज्यांनी लॉफ्ट वापरलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. एका पातळीवर एक बंद आकार काढायचा, पुढच्या पातळीवर दुसरा, त्याच्या पुढे तिसरा. या सगळ्या छेदांमधून जाणारं पृष्ठ सॉफ्टवेअर ताणतं आणि आतून भरीव सॉलिड देतं. हा शब्द जहाजबांधणीतून आला. गोदीच्या वरच्या मजल्यावर लांबरुंद जमीन असायची, तिच्यावर जहाजाचे छेद पूर्ण मापात काढत, लाकडाची लवचिक पट्टी वजनांनी दाबून वाकवत आणि एका छेदाची रेषा दुसऱ्यात नीट उतरते का ते बघत. वडिलांच्या काळात आमच्याकडे एक जुने मिस्त्री होते, सगळे त्यांना तात्या म्हणायचे. त्यांची पद्धत याहून वेगळी नव्हती. प्लायचे टेम्प्लेट कापायचे, फळीवर ठरलेल्या कोनांत उभे ठोकायचे, मधली जागा सागवानाच्या तुकड्यांनी भरायची आणि पटाशी, मग कानस लावत खाली उतरवत न्यायचं. दोन टेम्प्लेटच्या मधे किती उतरवायचं हे कळतं कसं, असं मी लहानपणी विचारलं होतं. "हितं हात फिरव की," एवढंच म्हणाले.

मधल्या जागेचा तो प्रश्न लॉफ्टमध्ये तसाच शिल्लक आहे. छेद आपण काढतो, मधलं सॉफ्टवेअर भरतं, आणि ते कसं भरलं जाणार हे छेद काढतानाच ठरून गेलेलं असतं. नंतर लॉफ्टच्या खिडकीत दुरुस्त करण्यासारखं फार थोडं उरतं. मला हे समजायला पहिले दोन महिने गेले.

आता कामाकडे येतो. व्होल्यूट म्हणजे इम्पेलरभोवती (पंपातल्या फिरत्या पंख्याभोवती) गुंडाळलेली, गळ्याकडे, म्हणजे बाहेर पडायच्या तोंडाकडे, रुंदावत जाणारी पाण्याची वाट. साधा हिशेब असा की वाटेतला वेग सगळीकडे सारखा ठेवायचा, म्हणजे छेदाचं क्षेत्रफळ कोनाच्या प्रमाणात वाढतं. छेद गोल असेल तर त्रिज्या कोनाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. गळ्याशी, म्हणजे ३६० अंशांवर ३२ मि.मी. त्रिज्या असेल तर १८० वर २२.६, ९० वर १६ आणि ४५ वर ११.३. हे सगळं मी फ्रीकॅडच्या स्प्रेडशीटमध्ये ठेवतो आणि स्केचमधली, म्हणजे छेदाच्या सपाट आकृतीतली, मापं त्या खान्यांना बांधतो. गिऱ्हाइकाने गळा ३४ चा करा म्हटलं की एक आकडा बदलायचा आणि आठही छेद हलतात. या सोयीबद्दल मी फ्रीकॅडला मनापासून पूर्ण गुण देतो. पूर्वी हाच बदल म्हणजे नव्याने टेम्प्लेट कापणं होतं.

छेद उभे करायची जी पद्धत शेवटी माझ्या हाताला बसली, ती अशी. सगळी स्केचेस एक्सझेड पातळीला जोडायची आणि अटॅचमेंट ऑफसेटमध्ये स्केचच्या स्वतःच्या वाय अक्षाभोवती कोन द्यायचा : ४५, ९०, १३५ असं ३६० पर्यंत. शाफ्टची मध्यरेषा प्रत्येक स्केचमध्ये उभा अक्ष म्हणून समोर येते, त्यामुळे माप थेट मध्यापासून देता येतं. सुरुवातीला मी आधीच्या सॉलिडच्या पृष्ठावर स्केच जोडत होतो. पुढे काही बदललं की पृष्ठांचे क्रमांक सरकायचे आणि स्केच भलतीकडे जाऊन बसायचं. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या १.० आवृत्तीत हा जुना आजार बराच आटोक्यात आला आहे, तरी मी मूळ पातळ्यांची शिस्त सोडलेली नाही. स्केच सॉलिडवर अवलंबून नसलं की रात्री झोप नीट लागते.

पहिल्या केसिंगला मी ० ते ३६० एकाच लॉफ्टमध्ये घ्यायला गेलो. तिथे सुरुवातीचा आणि शेवटचा छेद एकाच पातळीवर येतात, जिभेपाशी (वाटेची सुरुवात आणि गळा यांच्या मधल्या टोकदार कडेपाशी) सॉलिड स्वतःलाच भिडतं आणि पुढचं प्रत्येक बूलियन (एका सॉलिडमध्ये दुसरं मिळवणं किंवा वजा करणं) अडखळतं. मग १८०-१८० चे दोन लॉफ्ट केले. सॉलिड स्वच्छ आलं, चेक जॉमेट्रीनेही काही दाखवलं नाही. पण एमडीएफचा कोअर बॉक्स हातात आला तेव्हा १८० वर बोटाला कड लागली. डोळ्यांना जेमतेम दिसावी इतकी बारीक, पण होती. फ्रीकॅडच्या लॉफ्टमध्ये टोकाला स्पर्शदिशा ठरवायची सोय नाही. पहिला लॉफ्ट ज्या दिशेने संपतो त्याच दिशेने दुसरा सुरू होईल असं त्याला सांगताच येत नाही. कानस आणि पॉलिश पेपरने आम्ही ती कड घालवली, पण त्यात आमच्या माणसाची अर्धी पाळी गेली.

तेव्हापासून मी ४५ ते ३६० आठ छेदांतून एकच लॉफ्ट घेतो. जिभेकडचे पहिले ४५ अंश वेगळे करतो, कारण तिथे नाहीतरी मोठा फिलेट, म्हणजे कडेला गोलाई, द्यायचा असतो. गळ्यापासून फ्लँजपर्यंतचा (पाइप जोडायच्या चकतीपर्यंतचा) तुकडाही वेगळाच. या दोन जोडांसाठी एक युक्ती कामी आली : टोकाच्या छेदाच्या अगदी जवळ, पाच-सात मि.मी. वर, त्याच मापाचा आणखी एक छेद द्यायचा. दोन सारखे छेद शेजारी आले की पृष्ठाला तिथे सरळ जावंच लागतं आणि जोड पुष्कळ मऊ येतो.

हीच युक्ती मधे मात्र वापरू नका. गुळगुळीत हवं म्हणून मी एकदा दर १५ अंशांवर छेद दिला. आकडे एका दशांशापर्यंत गोल केलेले होते आणि त्यातली दोन मापं मी हाताने टाकली होती. पृष्ठावर लाटा आल्या. प्रत्येक छेदातून जायचं बंधन असलं की प्रत्येक छेदातली बारीक चूकही पृष्ठात उतरते आणि त्या चुका सांभाळताना वक्र वर-खाली होतो. आठ छेद, पूर्ण अचूक आकड्यांचे, हे चोवीस कच्च्या छेदांपेक्षा कितीतरी चांगले. तात्याही टेम्प्लेट कमीच ठोकायचे. मला तेव्हा ते लाकूड वाचवणं वाटायचं.

उलट टोकही सांगतो. दोनच छेद दिले तर मधे पृष्ठ सरळ रेषेत जातं. १५० मि.मी. त्रिज्येच्या वाटेवर ४५ अंश दूरचे दोन छेद असे जोडले तर मध्यावर ते खऱ्या कंसापासून ११ मि.मी. हून जास्त आत पडतं. त्यामुळे वळणाऱ्या वाटेला किमान चार-पाच छेद हवेतच. लॉफ्टच्या खिडकीतली ‘रूल्ड सरफेस’ ही खूण चालू ठेवली तर कितीही छेद असले तरी प्रत्येक जोडीच्या मधे सरळच जाणार. ही खूण चुकून चालू राहिली आणि आकार पैलू पाडल्यासारखा का दिसतोय हे शोधण्यात माझी एक दुपार गेली.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते तिसऱ्या केसिंगने. तिथे छेद गोल नव्हता. समलंब चौकोन होता, चारही कोपऱ्यांना गोलाई दिलेला. म्हणजे चार रेषा आणि चार कंस, आठ बाजू. ४५ अंशांवरचा छेद इतका लहान की ठरलेली गोलाई त्यात बसेना, म्हणून मी तो साध्या चार बाजूंचा काढला. लॉफ्ट झाला, चूक दाखवली नाही, आणि पहिल्या टप्प्यात पृष्ठ पिळलेल्या फडक्यासारखं निघालं. कारण उघड आहे : पहिल्या छेदाचा कुठला बिंदू दुसऱ्याच्या कुठल्या बिंदूला जोडायचा हे ठरवूनच पृष्ठ बनतं. दोन्हीकडे बाजू सारख्या नसतील तर सॉफ्टवेअर स्वतः कुठेतरी तोडून जुळवतं. ती जुळणी आपल्याला हवी तशी असण्याचं काही कारण नाही.

तेव्हापासून माझा नियम पक्का आहे. पहिलं स्केच नीट काढायचं, बाकीची सगळी त्याचीच नक्कल करून फक्त मापं बदलायची. छेद कितीही लहान असो, आठ बाजू म्हणजे आठच. कोपऱ्याची गोलाई छेदाच्या उंचीच्या प्रमाणात स्प्रेडशीटमधून यायची. फ्लँजकडे छेद गोल होतो, तिथेही पूर्ण वर्तुळ काढायचं नाही. वर्तुळाला सुरुवातीचा एकच बिंदू असतो आणि तो तुमच्या समलंबाच्या कुठल्या कोपऱ्याशी जुळेल हे नशिबावर. स्केचरमधल्या स्प्लिटने वर्तुळाचे आठ कंस करायचे, चार मोठे रेषांसमोर आणि चार लहान गोलाईंसमोर. पीळ जातो. छेदांचा क्रमही बघून घ्या. ज्या क्रमाने निवडता त्याच क्रमाने जोडले जातात. चुकलं तर यादीत ओढून वर-खाली करता येतं.

भिंतीच्या जाडीबद्दल. पाण्याच्या वाटेचा लॉफ्ट म्हणजे कोअर. ठोकळ्यातून तो सबट्रॅक्टिव्ह लॉफ्टने काढला की कोअर बॉक्स मिळतो. बाहेरचा पॅटर्न त्याहून भिंतीच्या जाडीने मोठा. थिकनेस या आज्ञेने तो आपोआप मिळेल अशी माझी आशा होती. अशा वळत्या, वाढत्या पृष्ठावर ती मला एकदाही धड चालली नाही. म्हणून दुसरा लॉफ्ट : तेच आठ छेद, त्रिज्येत ८ मि.मी. मिळवून. जाडीचा खाना एकच. हे मुळीच गैरसोयीचं नाही, फक्त एक ध्यानात ठेवा. ही ८ छेदाच्या पातळीत मोजलेली जाडी आहे. पृष्ठ पुढे रुंदावत जातं, त्यामुळे त्याला लंब मोजली तर भिंत किंचित पातळ भरते. जिथे वाढ वेगाने होते तिथे मी अर्धा मि.मी. जास्त धरतो. ग्रे कास्ट आयर्न आकसण्याची साधारण १ टक्का सूट शेवटी, सगळं जुळल्यावर, मॉडेलच्या नकलेला (क्लोनला) १.०१ पट मोठं करून देतो.

फाइल पाठवण्याआधी मधला एक छेद कापून बघतो. ६७.५ अंशांवर हिशेबाने त्रिज्या १३.८६ यायला हवी. १३.८ च्या आसपास आली की मी निर्धास्त. ही पाच मिनिटांची तपासणी म्हणजे माझ्यासाठी तात्यांचं हात फिरवणंच.

काय कमी आहे? गाइड कर्व्ह. सॉलिडवर्क्ससारख्या विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये छेदांच्या जोडीला कडेची रेषाही देता येते आणि पृष्ठ तिच्यावरूनच जातं. फ्रीकॅडच्या लॉफ्टमध्ये ते नाही. कर्व्हज नावाचं एक जोड-वर्कबेंच फुकट मिळतं, त्यात गॉर्डन सरफेस आहे : आडव्या-उभ्या रेषांची जाळी द्या, तिच्यावर पृष्ठ बसतं. चौथ्या केसिंगची जीभ मी त्यातून केली आणि ती चारांत सर्वांत सुरेख आली. मात्र तिथे आपल्याला पृष्ठ मिळतं, सॉलिड मिळत नाही. कडा बंद करून, शिवून, मग सॉलिड करायचं. प्रत्येक रेषा दुसरीला खरोखर छेदायला हवी, नुसती जवळून गेलेली चालत नाही. हे शिकायला महिनाभर द्यावा लागेल आणि तो द्यावा असं मी सांगेन.

आमच्यासारख्या तीन-चार माणसांच्या शॉपला दरवर्षी लायसन्सचे पैसे भरणं जड जातं. फ्रीकॅड फुकट आहे, त्याचा सोर्स खुला आहे आणि विंडोजइतकंच लिनक्सवरही चालतं. जुन्या कॉम्प्युटरवर आठ छेदांचा लॉफ्ट बदलायला थोडं थांबावं लागतं, पण थांबता येतं. बाटल्या, हँडल, डक्टचे तुकडे, एवढंच काम असेल तर काहीच अडचण येणार नाही. गाडीच्या बाहेरच्या पत्र्यासारखी, उजेडात लकाकी तपासायची पृष्ठं असतील तर याच्या लॉफ्टवर विसंबू नका. पंपाच्या केसिंगला तो पुरतो. पाचव्या केसिंगची स्केचेस कालच सुरू केली आहेत. गळा ४० चा आहे आणि यावेळी ४५ अंशांचा छेद सगळ्यांत आधी काढला आहे.